लेडली ‘हां’ म्हणाला होता

२२ मे

जिंकलो. सकाळी मर्व्ह ट्रेलोअर कुंपणापाशी आला, टोपी काढली आणि म्हणाला, "घे, मिळाला तुला तुझा लेडली. आता तीन वर्षं माझ्याकडे येऊन रडायचं नाही." मर्व्ह माझा शेजारी. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी तो त्याच्या पक्षाची पत्रकं वाटतो, मी माझ्या पक्षाची, आणि दुपारी दोघं एकाच छत्रीखाली उभे राहून सॉसेज-पाव खातो. माझा नवरा कॉलिन होता तेव्हाही असंच होतं, तो गेल्यावरही असंच आहे. मर्व्ह हरला की दोन दिवस तोंड पाडून बसतो. मी हरले की आठवडाभर. या खेपेला पाळी त्याची आहे.

ग्रॅहम लेडली पंतप्रधान झाला याचा आनंद आहेच, पण माझा खरा आनंद वेगळा आहे. टॅमझिनला, माझ्या लेकीला, दिवस गेलेत. डिसेंबरात बाळंत होईल. आमच्या पोर्ट कार्डूच्या रुग्णालयातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद पडून जमाना झाला. तेव्हापासून इथल्या बायका नववा महिना लागायच्या आत ॲडलेडला जाऊन कुठेतरी खोली घेतात आणि पोट धरून वाट बघत बसतात. या गावात मरायची सोय आहे, जन्मायची नाही. प्रचाराच्या वेळी लेडली आला होता, तेव्हा जेट्टीवरच्या सभेत मी उभी राहून त्याला तोंडावर विचारलं, "वॉर्ड ख्रिसमसच्या आधी उघडणार का?" तो हसला आणि म्हणाला, "नाही, हां."

आमच्याकडे असंच बोलतात. पहिला शब्द शिष्टाचाराचा, शेवटचा खरा. ‘हां, नाही’ म्हणजे नाही. ‘नाही, हां’ म्हणजे हो. दुधाचे दात न पडलेल्या पोरालाही हे कळतं. मर्व्हचं म्हणणं, लेडली ‘हां, नाही’ म्हणाला. मर्व्हच्या कानात अर्धं आयुष्य ट्रॅक्टर घरघरलाय, त्याचं काय मनावर घ्यायचं.

जावयाला, जॅरडला, ॲडलेडमधून नोकरीसाठी विचारणा आलीय. मी आज दोघांना जेवायला बोलावून सांगून टाकलं, कशाला जाता, वॉर्ड उघडतोय, आजी शेजारच्याच रस्त्यावर आहे. टॅमझिनने जॅरडकडे पाहिलं. जॅरडने ताटातल्या बटाट्याकडे पाहिलं. मग टॅमझिन म्हणाली, "बघू या." म्हणजे थांबायचं ठरलं.

१७ जून

लेडलीने आरोग्यासाठी समिती नेमली. मला पटलं. घाईगर्दीत वॉर्ड उघडायचा आणि सुईणीच नाहीत, असं व्हायला नको.

मी बेकरीच्या काउंटरवर असते, खिमा-बटाटा भरलेल्या करंजीसारख्या पेस्टी विकते, त्यामुळे गावाचं मत मला पेस्टीच्या आधी मिळतं. आज सगळे म्हणत होते, नवा आहे, वेळ द्या. मर्व्ह म्हणाला, "समिती म्हणजे काय ठाऊक आहे? निर्णय झोपी जावा म्हणून म्हटलेली अंगाई." मी त्याला कालची पेस्टी दिली.

११ जुलै

थंडी. वॉर्डचं काही नाही.

५ ऑगस्ट

आज वैताग आला. विजेचं बिल आलं, ते सोडून देते, ते सगळ्यांचंच आलंय. पण लेडली काल टीव्हीवर कुठल्याशा शेतात उभा होता. डोक्यावर नवी कोरी हॅट, पायात नवे कोरे बूट. बाजूला शेतकरी उभा होता तो त्याच्या बुटांकडेच बघत होता. पत्रकाराने विजेचं विचारलं, तर म्हणाला, "आम्ही टप्प्याटप्प्याने पुढे जात आहोत." घरांचं विचारलं, "टप्प्याटप्प्याने." रुग्णालयांचं विचारलं, तर आधी त्याने सुस्कारा टाकला, मला वाटलं आता काहीतरी बोलेल. "टप्प्याटप्प्याने."

आज बेकरीत हेच चाललं होतं. एकाने विचारलं, माझी कॉफी कुठाय, तर मागच्या चौघांनी एका सुरात सांगितलं, टप्प्याटप्प्याने. त्याचं नावही आता कुणी नीट घेत नाही. डिलेडली म्हणतात. मीही हसले, आणि मग मलाच राग आला, कारण मी या माणसासाठी दारोदार फिरले आहे.

मर्व्ह म्हणाला, "टप्पे घेत घेत येणारा चेंडू शेवटी कुठे जातो माहितेय ना? सीमेच्या आधीच गवतात थांबतो."

आमच्या खासदारबाईंच्या कार्यालयात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, रुग्णालयं राज्याच्या अखत्यारीत, तुम्ही ॲडलेडला विचारा. ॲडलेडला विचारलं. ते म्हणाले, पैसा कॅनबेराहून, केंद्राकडून यायचाय, तुम्ही खासदारांना विचारा. मी म्हटलं, त्यांनीच तुमच्याकडे पाठवलंय. तर ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "हो का? मग त्यांना सांगा ना तसं." मी फोन ठेवून पीठ इतकं जोरात मळलं की मालकीणबाई आतून बघायला आल्या.

३० ऑगस्ट

बाळाच्या खोलीसाठी पिवळा रंग घेऊन टॅमझिनकडे गेले. ती दारातच म्हणाली, "आई, बरं झालं आलीस, मी तुझ्याकडेच निघाले होते. बस जरा." मी बसले, पण आधी मला लेडलीचं सांगून टाकायचं होतं. सकाळीच ऐकलं होतं की समितीचा अहवाल आलाय आणि त्या अहवालाचा अभ्यास करायला आता दुसरी समिती नेमलीय. मी इतकी तापले होते की चहा गार झाला तरी माझं चालूच होतं. टॅमझिन ऐकत होती, मग म्हणाली, "जाऊ दे ना आई."

"जाऊ दे कसं? तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं."

"हो," ती म्हणाली, "ठाऊक आहे मला."

रंग लावायला घेऊ म्हटलं, तर नको म्हणाली, वासाने मळमळतं. डबा तिथेच ठेवून आले. तिला काय सांगायचं होतं ते मात्र राहूनच गेलं. परत येताना पाहिलं तर जॅरडची बोट अंगणात नव्हती. विकली म्हणे. खेकडे धरायचा कंटाळा आला असेल. बाप होणारा माणूस जबाबदारीने वागायला लागतोच.

१६ सप्टेंबर

वॉर्डसाठी सह्या गोळा करतेय. बेकरीत, क्लबात, फुटबॉलच्या मैदानावर. लोक रांग लावून करतात. ज्यांनी लेडलीला मत दिलं ते दात-ओठ खाऊन करतात, ज्यांनी दिलं नाही ते हसत हसत. मर्व्हनेही केली आणि सहीपुढे कंसात लिहिलं, ‘मी सांगितलं होतं’. मी खोडायला लावलं.

टॅमझिनला पेन सापडत नव्हतं. मी माझं दिलं तर म्हणाली, "राहू दे, नंतर करते, आत्ता हात पिठाचे आहेत." हात पिठाचे नव्हते. गरोदरपणात डोकं असंच विसराळू होतं. मी तिच्या वेळी एकदा इस्त्री फ्रिजमध्ये ठेवली होती.

टॅमझिन बालवाडीत शिकवते. रजा संपल्यावर पुढच्या वर्षी कुठला वर्ग घेणार, विचारलं. अजून ठरलं नाही म्हणाली. नेहमी तर आत्तापर्यंत ठरतं.

२ ऑक्टोबर

माझ्या कुंपणावरचा लेडलीचा फलक आज काढला. मे महिन्यापासून होता. उन्हाने चेहरा निळसर पडला होता आणि दात तेवढे शिल्लक होते. रस्त्याने जाणारी पोरं त्याच्याकडे बघून ‘टप्प्याटप्प्याने’ ओरडायची. मी आतून ऐकायचे.

काढून ठेवला होता तर मर्व्ह म्हणाला, मला दे, खुराड्याचं छप्पर गळतंय. दिला. संध्याकाळी कुंपणावरून ओरडला, "रॉझ, ऐक. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याने कुणाला तरी आसरा दिला." मी हसले नाही. माझ्या हाताने मी तो कुंपणाला बांधला होता. वाऱ्याने सुटू नये म्हणून कॉलिनच्या मासेमारीची तार वापरली होती.

एखादा माणूस वाईट निघाला तर शिव्या देऊन मोकळं होता येतं. हा वाईट नाही. हा नुसताच हसतो, मान हलवतो, हातात हात घेतो आणि निघून जातो. याने गाजरसुद्धा दाखवलं नाही धड. गाजर आहे असं आपलं आपणच धरून चाललो.

हे मी काय लिहिलं? नाही. त्याने दाखवलं होतं. तो ‘हां’ म्हणाला होता.

२३ ऑक्टोबर

डॉक्टरांनी टॅमझिनला सांगितलं, सगळं छान आहे, पण नोव्हेंबरच्या मध्याला ॲडलेड गाठायचं. इथे कुणी जबाबदारी घेणार नाही.

मी म्हटलं, मी येते बरोबर, बेकरीतून रजा घेते. टॅमझिन म्हणाली, जॅरडची आई तिथेच राहते, रुग्णालयापासून जवळ, त्यांच्याकडेच उतरणार. खोली छोटी आहे, तुझी गैरसोय होईल. मग जॅरड म्हणाला, "तुम्ही बाळ झाल्यावर या ना. आरामात." तो किती सभ्यपणे बोलला. सभ्य माणसाशी भांडता येत नाही.

म्हणजे माझं पहिलं नातवंड जगात येणार आणि त्याला उचलून घेणार ती बाई. तिच्याविरुद्ध माझं काही नाही. तिला फक्त पेस्टी करता येत नाही आणि ती बोलताना दर वाक्याला ‘अगदी’ म्हणते. पण उचलायचं मला होतं. वॉर्ड उघडला असता तर मी पायी चालत गेले असते, ॲप्रन न काढता.

आज लेडलीच्या नावाने मी इतकं काही बोलले की टॅमझिन उठून बाहेर गेली आणि कपडे वाळत घालत बसली. दोरीवर सगळे कपडे आधीच वाळलेले होते.

६ नोव्हेंबर

आज मी देशाच्या पंतप्रधानाशी बोलले आणि सगळा विचका केला.

सकाळी रेडिओवर ब्रॉन्विनच्या कार्यक्रमात लेडली येणार होता, श्रोत्यांचे प्रश्न घेणार होता. बेकरीतूनच फोन लावला. लागला. मालकीणबाईंनी भट्टीचा पंखा बंद केला, गिऱ्हाइकं गप्प झाली. ब्रॉन्विन म्हणाली, "पोर्ट कार्डूहून रॉझ नीबोन आहेत. बोला रॉझ."

मी म्हटलं, "पंतप्रधान, मे महिन्यात आमच्या जेट्टीवर तुम्ही मला सांगितलंत की वॉर्ड ख्रिसमसच्या आधी उघडेल. माझी लेक पुढच्या आठवड्यात बाळंतपणासाठी गाव सोडून चाललीय. वॉर्ड कुठाय?"

"रॉझ, पहिल्यांदा तुमचे आभार. पोर्ट कार्डू फार देखणं गाव. तिथली पेस्टी अजून तोंडात आहे माझ्या."

"ती मीच दिली होती तुम्हाला. वॉर्डचं बोला."

बेकरीत हशा पिकला. लेडलीही हसला. "तुमची तळमळ मी समजू शकतो. राज्य सरकारच्या बरोबरीने आम्ही टप्प्याटप्प्याने—"

"तुम्ही ‘नाही, हां’ म्हणाला होतात," मी म्हटलं.

तो अगदी प्रेमाने म्हणाला, "मला वाटतं मी ‘हां, नाही’ म्हणालो असेन, रॉझ. म्हणजे हां, तुमची अडचण मला कळते. आणि नाही, तारीख मला देता येणार नाही."

आणि मी काय केलं? सहा महिने मनात घोळवलेलं सगळं सोडून मी म्हटलं, "बरं. थँक्यू हं." आणि फोन ठेवला. थँक्यू! त्याने माझ्या तोंडाला पानं पुसली आणि मी आभार मानले. माझ्या आजीने लावलेली सवय आहे ही, कुणी दार तोंडावर आपटलं तरी आधी आभार. एका बाईंनी जाताना सुटे परत घेतले नाहीत, इतकी त्यांना माझी दया आली.

टॅमझिनचा फोन आला. मला वाटलं ती तरी म्हणेल, चांगलं सुनावलंस. ती म्हणाली, "आई, तू माझं नाव नाही ना घेतलंस? जॅरडच्या ऑफिसात सगळे ऐकत होते." जॅरड ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याला ऑफिस कुठलं? फोनचा आवाज खरखरत होता, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं असणार.

१० नोव्हेंबर

ब्रॉन्विनला जेट्टीवरच्या सभेचं ध्वनिमुद्रण सापडलं. आज सकाळी तिने ते लावलं.

माझा आवाज येतो, बारीक आणि थोडा उर्मट. मग लेडलीचं हसू. मग "हां" स्पष्ट. मग "नाही" स्पष्ट. आणि लगेच एक सीगल पक्षी असा काही केकाटतो की पुढचं काही ऐकूच येत नाही. मग टाळ्या.

ब्रॉन्विनने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मर्व्ह काउंटरला रेलून उभा होता. नेहमीचा टोमणा सोडून तो सुटे पैसे मोजत होता. मी म्हटलं, "सीगलच्या खाली आणखी एक ‘हां’ आहे. नीट ऐक."

"रॉझ."

"‘हां, नाही, हां’. तिसरा शब्द त्या पक्ष्याने खाल्लाय. लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या मग? ‘नाही’ला कुणी टाळ्या वाजवतं?"

"आपल्या गावात?" मर्व्ह म्हणाला. "सभा संपली म्हणूनसुद्धा वाजवतात."

गावाचे दोन तट पडलेत. अर्ध्यांना सीगलखाली ‘हां’ ऐकू येतो, अर्ध्यांना येत नाही. मला येतो. मी डोळे मिटून ऐकलं की अगदी स्वच्छ येतो.

१५ नोव्हेंबर

टॅमझिन गेली. गाडीत इतकं सामान भरलं होतं की जॅरडला आरशातून मागचं दिसत नव्हतं. पाळणा खोक्यातच होता, सुटा. मी म्हटलं, महिनाभरासाठी एवढं कशाला नेता, तर म्हणाली, काय लागेल सांगता येत नाही ना. कुत्रा मर्व्हकडे ठेवला. बाळाजवळ कुत्रा नको, हे शहाणपणाचंच आहे. पण मर्व्हने त्याच्यासाठी अंगणात चांगलं पक्कं घर बांधलंय, महिनाभराच्या पाहुण्याला एवढं कुणी करतं का? मर्व्ह मूळचा हौशी.

निघताना टॅमझिनने मला घट्ट मिठी मारली आणि सोडेचना. मी म्हटलं, "अगं, रडतेस काय, वर्षभर थोडीच चाललीयस. हे सगळं त्या लेडलीमुळे." तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "हो आई. त्याच्यामुळेच."

गाडी धान्याच्या सायलोच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी घरात येऊन रेडिओ लावला. तो बोलत होता. मी रेडिओला सांगितलं की माझ्या लेकीला तू घराबाहेर काढलंस. शेजारी ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

२७ नोव्हेंबर

हसावं की रडावं कळत नाही. सीगल देशभर गाजतोय. लेडली एका शाळेत गेला तर पोरांनी सीगलसारखं ओरडून त्याचं स्वागत केलं. संसदेत तो उत्तराला उभा राहिला की विरोधी बाकांवरून कुणीतरी केकाटतं आणि सभापती डाफरतात. काल क्रिकेटच्या मैदानात मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसला, तर हजारो माणसं एका दमात केकाटली. समालोचक बिचारा गोलंदाजीबद्दल बोलत राहिला.

जनमत चाचणीत तो पार तळाला गेलाय. ज्यांना वॉर्डशी काही घेणंदेणं नाही, तेही चिडलेत. मला दूरदूरहून लोकांचे फोन येतात, सगळ्यांचं आपलं काहीतरी अडलेलं असतं, कुणाचं घर, कुणाची शाळा, कुणाची नदी. सगळे म्हणतात, आम्हालाही असंच हसून ‘हां, नाही’ म्हणाला. मी ऐकून घेते. माझ्या पोटात दुखतं ते वेगळंच आहे, पण राग आमचा सगळ्यांचा एकाच पत्त्यावर जातो.

टॅमझिन फोनवर फार कमी बोलते. मी लेडलीचं सांगते, ती ‘हं’ म्हणते. मागे कुठेतरी खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. विचारलं, तर म्हणाली, जॅरड फडताळ लावतोय. आईच्या घरात एवढी फडताळं कशाला, काही कळेना.

४ डिसेंबर

वॉर्ड उघडतोय.

सकाळी नऊच्या बातम्यांत सांगितलं. लेडली स्वतः म्हणाला, "जेट्टीवर मी काय म्हणालो, हे मला आणि त्या पक्ष्याला ठाऊक. पण पोर्ट कार्डूचा वॉर्ड सोमवारपासून सुरू होतोय." कॅनबेराने पैसा दिला, ॲडलेडने सुईणींची तुकडी दिली. इतके महिने टोलवाटोलवी करणारे दोघं एका रात्रीत गळ्यात गळे घालून उभे होते.

बेकरीत लोकांनी मला मिठ्या मारल्या. मालकीणबाईंनी दुपारपर्यंत सगळ्यांना पेस्टी फुकट दिली आणि माझ्यापुढे केक आणून ठेवला. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, तू एकटीने सरकार हलवलंस पोरी. मी मोठ्याने हसत होते आणि मनात म्हणत होते, ख्रिसमसच्या आधी. म्हणजे तो ‘हां’ म्हणालाच होता. मी म्हणत नव्हते?

मर्व्ह दारात टोपी हातात धरून उभा होता. मला वाटलं, आता माफी मागणार. तो म्हणाला, "रॉझ, आधी टॅमझिनला फोन कर. केक मग काप."

मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसून फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. सोमवारपासून. डिसेंबरातच. अजून तुझे दिवस भरायचेत, उद्याच निघून या, पिवळा रंग मी लावून ठेवते, वास जाईल तोवर. मला वाटलं फोन कट झाला.

"टॅमझिन?"

"आई, आम्ही इथे घर घेतलंय भाड्याने. जॅरडने ती नोकरी ऑगस्टमध्येच घेतली. हजर मात्र महिन्याभरापूर्वी झाला, तुला सांगितलं नाही." ती हळू बोलत होती, मोजून. "वॉर्ड जूनमध्ये उघडला असता तरी आम्ही जाणारच होतो."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस.

"सांगणार होते. तू रंगाचा डबा घेऊन आलीस ना, त्याच दिवशी. पण तू आल्या आल्या लेडलीवर सुरू झालीस. म्हटलं, आज नको. मग पुढच्या खेपेला पण तू त्याच्यावरच चिडलेली. मला वाटलं, चिडू दे. त्याला काय, त्याला सवय असते. निदान माझ्यावर तरी चिडत नाही."

म्हणजे इतके महिने माझ्या लेकीच्या वाट्याच्या शिव्या देशाचा पंतप्रधान खात होता. आणि एवढं खाऊन त्याने बिचाऱ्याने वॉर्डही उघडला.

बाहेर लोक माझ्या नावाने ओरडत होते, रॉझ, ये की बाहेर, रेडिओवाले फोनवर थांबलेत. मर्व्ह त्यांना काहीतरी सांगून दाराशी अडवत होता. त्याला ठाऊक होतं. कुत्रा त्याच्याकडे दिला तेव्हाच त्याला सांगितलं असणार.

"आई, बोल ना काहीतरी," टॅमझिन म्हणाली. "रागव माझ्यावर. खरंच रागव. मी ऐकून घेईन."

मी रागवायला तोंड उघडलं. राग होता, पण इतके दिवस मी तो एकाच माणसावर काढत आले होते आणि त्यातला एक शब्द लेकीसाठी उपयोगाचा नव्हता. ती वाट बघत होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"तिकडे ऊन फार तापतंय का गं?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "फार तापतंय."